फलनीय भाषांतील स्वयंचलित संहिताविन्यास

संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीची मूळ संहिता, तिचा अर्थ तसाच ठेवून, ठरावीक नियमांप्रमाणे पंक्तींत व स्तंभांत मांडण्याचे काम दुसऱ्या आज्ञावलीकडून करवून घेणे, म्हणजे स्वयंचलित संहिताविन्यास होय. पंक्ती कोठे तोडावी, तिच्या आरंभी किती मोकळी जागा सोडावी, कंस, चिन्हे व टिपा कोठे याव्यात यांसारख्या गोष्टी विन्यासात येतात. संगणकाला बहुतेक भाषांत मांडणीशी कर्तव्य नसते; मांडणी असते ती वाचणाऱ्या माणसासाठी. ज्या भाषांत आज्ञावली ही गणितातील फलनांच्या व्याख्यांच्या स्वरूपात लिहितात, त्यांना फलनीय भाषा म्हणतात. लिस्प, एमएल, मिरांडा, हॅस्केल, ओकॅमल, एल्म व क्लोझर ह्या अशा प्रमुख भाषा होत. यांपैकी काही भाषांत मोकळ्या जागेलाच अर्थ असल्यामुळे विन्यासाचा प्रश्न तेथे केवळ नीटनेटकेपणाचा राहत नाही. चुकीचा विन्यास आज्ञावलीचा अर्थच बदलू शकतो. या शाखेचा इतिहास हा मुख्यतः त्या धोक्यावर मात करण्याचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : मजकुराची मांडणी व त्याचा अर्थ यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराची मोडी कागदपत्रे पाहिली असता प्रथम आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिलेली आढळतात. शब्दांमध्ये अंतर नसते. शब्द कोठे तुटतो, वाक्य कोठे संपते, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावयाचे असते. वैदिक परंपरेत संहितापाठाबरोबर पदपाठ सांभाळला गेला, तोही याच अडचणीमुळे. पदांवरून संहिता संधिनियमांनी सिद्ध करता येते. परंतु संहितेवरून पदे पाडण्यास अर्थज्ञान लागते. संगणकाच्या आज्ञावलीतही नेमके हेच घडते. केवळ अक्षरे पुढेमागे सरकवून विन्यास साधत नाही. विन्यास करणाऱ्या आज्ञावलीला मूळ संहितेचे व्याकरण कळावे लागते.

फोर्ट्रान या १९५७ साली प्रचारात आलेल्या भाषेत मांडणी सक्तीची होती. ऐंशी स्तंभांच्या छिद्रित पत्रावर पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागील विधान पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी व सातव्यापासून बाहात्तराव्यापर्यंतचे स्तंभ विधानासाठी राखलेले असत. पंक्तीची रुंदी ऐंशी अक्षरांपेक्षा अधिक नसावी, हा आजही आढळणारा संकेत त्या पत्रांचाच वारसा होय. पुढे अल्गॉल ६० या भाषेने हे बंधन काढून टाकले. त्यामुळे लेखकाला स्वातंत्र्य मिळाले. तथापि एकाच आशयाच्या दोन आज्ञावल्या दोन लेखकांच्या हातून ओळखू न येण्याइतक्या वेगळ्या दिसू लागल्या.

लिस्प व आरंभीचे प्रयत्न : जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) यांनी १९५८ साली आरंभिलेल्या लिस्प या भाषेत संपूर्ण आज्ञावली एकात एक गुंतलेल्या कंसांची बनलेली असते. कंसांची संख्या मोठी असल्याने एका सलग पंक्तीत लिहिलेली लिस्प संहिता माणसाला जवळजवळ वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूने, लिस्पमध्ये आज्ञावली हीच एक यादी असल्याने तिची रचना दुसऱ्या आज्ञावलीला सहज तपासता येते. गरज व सोय अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे विन्यासाची पहिली साधने याच भाषेत निर्माण झाली. मॅसॅच्यूसेट्स तंत्रविद्या संस्थेत बिल गॉस्पर यांनी १९६७ च्या सुमारास असे साधन तयार केले आणि त्याच संस्थेत आयरा गोल्डस्टाइन यांनी १९७३ साली या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. दरम्यान १९७१ साली इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आर्. एस्. स्कोवेन व त्यांचे सहकारी यांनी अल्गॉलच्या दुर्बोध संहिता सुबोध करणाऱ्या ‘सोप’ या आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली.

डेरेक ओपेन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेली रीती हा पुढील महत्त्वाचा टप्पा होय. तीत मजकूर गटांत विभागतात. जो गट एका पंक्तीत मावतो तो सलग लिहितात. जो मावत नाही तो तोडतात. काम करताना रीतीला फक्त पंक्तीच्या रुंदीइतकाच पुढचा मजकूर ध्यानात ठेवावा लागतो आणि लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. संगणकाची स्मृती मर्यादित असलेल्या त्या काळात हा मोठा लाभ होता.

मोकळ्या जागेचे व्याकरण : पीटर लँडिन (१९३०–२००९) यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात फलनीय भाषांची एक सर्वसाधारण रूपरेषा मांडली. तीत त्यांनी एक नियम सुचविला व त्याला फुटबॉलच्या खेळातील ‘ऑफसाइड’ ही संज्ञा दिली. एखाद्या पदसमूहाचे पहिले पद ज्या स्तंभात असेल, त्याच्या डावीकडे आलेले पद त्या समूहात मोडत नाही, असा तो नियम होय. गणिताच्या वहीत समीकरणे एकाखाली एक लिहिली म्हणजे ती वेगळी आहेत हे सांगावे लागत नाही. तोच संकेत लँडिन यांनी भाषेच्या व्याकरणात आणला. डेव्हिड टर्नर (१९४६–२०२३) यांनी सॅसल व पुढे १९८५ साली मिरांडा या भाषांत तो वापरला. १९७७ साली जॉन बॅकस (१९२४–२००७) यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात फलनीय पद्धतीचा पुरस्कार केल्यानंतर अशा भाषांची संख्या वाढत गेली. त्यांना एक समान भाषा असावी, असा निर्णय १९८७ साली पोर्टलंड येथील परिषदेत झाला आणि १९९० साली हॅस्केल या भाषेचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी (१९००–८२) यांच्यावरून तिला हे नाव मिळाले.

हॅस्केलमध्ये विशिष्ट शब्दांनंतर येणारे पहिले पद ज्या स्तंभात असते, तेथे एक खंड सुरू होतो. पुढील पंक्ती त्याच स्तंभात सुरू झाली तर ती खंडातील नवी बाब, उजवीकडे सुरू झाली तर मागील बाबीचा पुढील भाग आणि डावीकडे सुरू झाली तर खंड संपला, असे समजले जाते. याचा परिणाम एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. साठ विद्यार्थ्यांच्या यादीतून प्रत्येकाचे गुण छापावयाचे व शेवटी एकदाच वर्गाची सरासरी छापावयाची, अशी आज्ञावली आहे असे मानू. सरासरीची पंक्ती बाहेरील खंडाच्या स्तंभात असेल, तर ती एकदा छापली जाईल. तीच पंक्ती काही स्तंभ उजवीकडे सरकून आतील खंडाच्या रेषेत आली, तर सरासरी साठ वेळा छापली जाईल. दोन्ही संहितांतील शब्द तेच आहेत. दोन्ही व्याकरणशुद्ध आहेत आणि कंपायलर कोणत्याच संहितेला आक्षेप घेत नाही. विन्यास करणाऱ्या साधनाची एक चूक अशा रीतीने कोणाच्याही नजरेस न येता आज्ञावलीत शिरू शकते.

पुण्यातील अध्यापन : पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) संगणकशास्त्र विभागात फलनीय पद्धतीचे अध्यापन बरेच लवकर सुरू झाले. विभागातील आर्. पी. मोडी यांनी १९९१ साली अमेरिकेतील एका संगणक-शिक्षणविषयक नियतकालिकात लेख लिहून प्रारंभिक शिक्षणासाठी सी ही भाषा योग्य नाही, असे प्रतिपादन केले. भारतातील संगणक-उद्योग सीकडे वळत असताना केलेले हे प्रतिपादन प्रवाहाच्या विरुद्ध होते. त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे मार्क जोन्स यांनी हॅस्केलशी निकटचे साम्य असलेली गोफर ही लहान भाषाप्रणाली उपलब्ध केली. समीकरणांच्या आधारे तर्क करण्यास उत्तम, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून तिचे नाव बनविले आहे. ती साध्या वैयक्तिक संगणकावर चालत असल्यामुळे भारतीय विद्यापीठांना परवडण्यासारखी होती.

पुण्यात गोफर जशीच्या तशी न घेता तिच्या चिन्हपद्धतीत अध्यापनासाठी बदल करण्यात आले. या पुणेरी आवृत्तीला ‘पुगोफर’ हे नाव मिळाले. मूळ भाषेत फलन व त्याचे चल केवळ शेजारी लिहितात. पुगोफरमध्ये त्या दोहोंमध्ये टिंब देण्याची सोय करण्यात आली. एट्‌सखर डाइक्स्ट्रा यांच्या लेखनातही हाच संकेत आढळतो. बदल दिसावयास लहान असला, तरी त्यामागील विचार विन्यासाच्या विषयाशी थेट निगडित आहे. मोकळी जागा हे चिन्ह आहे की चिन्हाचा अभाव आहे, हे नवशिक्याला कळत नाही. ज्या ठिकाणी रिकाम्या जागेला अर्थ असतो, तेथे ती दृश्य करून दाखविली म्हणजे विद्यार्थी संहितेची रचना लवकर ओळखतो. वाचनीयता ही केवळ सवयीची वा सौंदर्याची बाब नसून आकलनाची बाब आहे, हा धडा या प्रयोगातून मिळतो.

पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावल्यांचे विश्लेषण करणाऱ्या व प्रतिमानांवरून आज्ञावल्या निर्माण करणाऱ्या साधनांवर संशोधन झाले. ते फलनीय भाषांपुरते मर्यादित नव्हते; परंतु संहिता ही स्वतःच दुसऱ्या आज्ञावलीचे आदान व प्रदान असू शकते, ही विन्यासाच्या मुळाशी असलेली कल्पना तेथील कामातही मध्यवर्ती होती. एकविसाव्या शतकात पुण्यातील हेल्पशिफ्ट या कंपनीने क्लोझर या लिस्प कुळातील भाषेचा व्यावसायिक वापर केला. क्लोझरमध्ये कंसांमुळे रचना स्पष्ट असते. त्यामुळे तिच्या विन्यास-साधनांना हॅस्केलप्रमाणे अर्थ बदलण्याचे भय बाळगावे लागत नाही.

विन्यासाचे बीजगणित : फलनीय भाषांनी या विषयाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी म्हणजे विन्यासाकडे बीजगणित म्हणून पाहण्याची दृष्टी होय. स्वीडनमधील जॉन ह्यूझ यांनी १९९५ साली मजकुराचे तुकडे आडवे व उभे जोडण्याच्या क्रिया निश्चित करून, त्या कोणते नियम पाळतात हे मांडले आणि त्या नियमांवरूनच कार्यक्षम आज्ञावली सिद्ध केली. सायमन पेटन जोन्स यांनी तीत सुधारणा केल्या. फिलिप वॉडलर यांनी दोन प्रकारच्या जोडण्यांऐवजी एकच जोडणी पुरते असे दाखविले. त्यांचा निबंध १९९८ पासून परिचित असून, तो २००३ साली रिचर्ड बर्ड (१९४३–२०२२) यांच्या गौरवग्रंथात समाविष्ट झाला.

वॉडलर यांच्या पद्धतीत मजकूर, नवी पंक्ती, आत सरकविणे व गट एवढ्याच मूळ कल्पना आहेत. गटाचा अर्थ असा की, त्यातील सर्व नव्या पंक्तींच्या जागी एकेक मोकळी जागा घालून तो सपाट करून पाहावा. मावला तर तसाच ठेवावा, न मावल्यास पंक्ती तोडाव्या. उदा., चार गावांची यादी रुंद पंक्तीत

[पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर]

अशी येईल, रुंदी कमी असल्यास तीच यादी

[ पुणे
, सातारा
, सांगली
, कोल्हापूर
]

अशी मांडली जाईल. स्वल्पविराम पंक्तीच्या आरंभी घेण्याची ही पद्धत हॅस्केल वर्तुळात रूढ आहे. तीत शेवटी नवी बाब वाढविली तरी आधीच्या बाबीची पंक्ती बदलावी लागत नाही. यानंतर अनेक भाषांच्या विन्यास-साधनांनी ही पद्धत स्वीकारली. जावास्क्रिप्टसाठी २०१७ साली निघालेले प्रिटियर हे साधन तिच्यावरच आधारलेले आहे. फलनीय भाषांत सिद्ध झालेली रीती अशा तऱ्हेने त्यांच्या बाहेरही पसरली.

अडचणी : व्याकरणवृक्षापासून मजकूर तयार करणे ही विन्यासाची सोपी बाजू होय. प्रत्यक्षातील पहिली अडचण टिपांची आहे. कंपायलरला टिपांचा उपयोग नसल्याने तो त्या आरंभीच टाकून देतो. विन्यास-साधनाने मात्र एकही टीप गमावता कामा नये आणि ती ज्या विधानाविषयी आहे त्याच्याजवळच ती राहिली पाहिजे. टीप वरच्या विधानाची की खालच्या, हे पुष्कळदा केवळ लेखकाला ठाऊक असते. हॅस्केलमध्ये संहितेतील प्रत्येक पदाचे मूळ स्थान जपून ठेवणारी व्यवस्था २०१५ साली ॲलन झिमरमन व मॅथ्यू पिकरिंग यांनी तयार केली. तिच्यामुळे या अडचणीवर बरीच मात करता आली. दुसरी अडचण अशी की, हॅस्केलच्या व्याकरणानुसार काही ठिकाणी खंड कोठे संपतो हे पुढील पद व्याकरणात बसते की नाही यावर ठरते. म्हणून खंडरचना व पदरचना एकमेकींपासून संपूर्णपणे अलग करता येत नाहीत.

तिसरी अडचण मराठीसारख्या भाषांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. विन्यास-साधने पंक्तीची रुंदी अक्षरांच्या संख्येवरून मोजतात. परंतु देवनागरीत डोळ्यांना दिसणारे एक अक्षर संगणकात अनेक संकेतांकांचे बनलेले असते. ‘स्त्री’ हे एक जोडाक्षर युनिकोडमध्ये सहा संकेतांक व्यापते आणि यूटीएफ-८ या रूपात त्यास अठरा बाइट लागतात. भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे प्रमाण १९९१ साली निश्चित झाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने या संकेतनाचा प्रसार केला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही याच प्रमाणाच्या आधीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. अक्षराचे मूळ घटक वेगळे साठवावयाचे व जोडरूप दाखविण्याचे काम प्रदर्शनाच्या वेळी करावयाचे, हे या पद्धतीचे तत्त्व लिपीच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र त्यामुळे मोजलेली रुंदी व दिसणारी रुंदी यांत अंतर पडते. हॅस्केलच्या अहवालात खंडरचनेसाठी प्रत्येक युनिकोड अक्षराची रुंदी एकसारखीच मानावी, असा नियम आहे. तसेच मोकळी जागा सोडून इतर अक्षरांच्या रुंदीवर ज्यांचा अर्थ अवलंबून राहील अशा संहिता लिहू नयेत, असा सल्लाही दिला आहे. यामुळे पडद्यावर एका रेषेत दिसणाऱ्या दोन पंक्ती संगणकाच्या हिशेबी वेगळ्या स्तंभांत असू शकतात. मागील पंक्तीतील शब्दाच्या लांबीनुसार पुढील पंक्ती सरकविण्याऐवजी नव्या पंक्तीपासून ठरावीक जागा सोडून खंड सुरू करणे, हाच यावर खात्रीचा उपाय होय.

आधुनिक साधने व एकरूपतेचा वाद : हॅस्केलसाठी २०१२ साली निघालेले स्टायलिश-हॅस्केल हे साधन संहितेच्या काही भागांपुरताच बदल करते. त्यानंतर हिंडेंट व ब्रिटनी ही अधिक व्यापक साधने आली. दरम्यान २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो या भाषेबरोबरच तिचे अधिकृत विन्यास-साधनही देण्यात आले व सर्वांनी एकच विन्यास वापरावा हा संकेत रूढ झाला. गो ही फलनीय भाषा नव्हे. परंतु तिच्या उदाहरणाचा प्रभाव फलनीय भाषांवरही पडला. एल्मसाठी २०१५ साली असे साधन निघाले. २०१८ साली एलिक्झरने ते भाषेबरोबरच देण्यास सुरुवात केली आणि २०१९ साली ट्वीग या कंपनीने हॅस्केलसाठी ऑर्मोलू हे साधन प्रसिद्ध केले.

ऑर्मोलूत वापरणाऱ्याला निवडीस फारसा वाव ठेवलेला नाही. त्याची दोन वैशिष्ट्ये विशेष उल्लेखनीय आहेत. विन्यासापूर्वीच्या व नंतरच्या संहितांचे व्याकरणवृक्ष ते ताडून पाहते. ते जुळले नाहीत तर बदल न करता चूक कळविते. तसेच एकदा विन्यास केलेल्या संहितेचा पुन्हा विन्यास केला असता ती बदलू नये, ही अटही ते पाळते. साठ वेळा छापल्या जाणाऱ्या सरासरीसारखी चूक पहिल्या कसोटीमुळे पकडली जाते. ज्यांना निवडीचे स्वातंत्र्य हवे होते त्यांनी ऑर्मोलूपासून फोरमोलू ही स्वतंत्र शाखा काढली; तीत आरंभीच्या जागेची रुंदी व इतर बाबी ठरविता येतात.

या फाटाफुटीमागे एक खरा मतभेद आहे. एकरूप विन्यासामुळे सहकाऱ्यांमधील निष्फळ वाद संपतात; दुसऱ्याने लिहिलेली संहिता परकी वाटत नाही आणि दोन आवृत्त्यांतील फरक पाहताना केवळ अर्थाचे बदल डोळ्यांपुढे येतात. उलटपक्षी, लेखक कधीकधी मांडणीतूनच आशय सांगत असतो. एखादे कोष्टक रकान्यांत जुळवून लिहिले असता त्यातील उणीव चटकन दिसते. साधन ती जुळणी मोडून टाकते. जुन्या संहितेवर प्रथमच विन्यास चालविला असता जवळजवळ प्रत्येक पंक्ती बदलते व कोणती पंक्ती कोणी, का लिहिली हा इतिहास शोधणे अवघड होते. म्हणून असा बदल इतर कोणत्याही बदलात न मिसळता स्वतंत्रपणे नोंदविण्याची प्रथा पडली आहे.

महत्त्व : छिद्रित पत्राने लादलेल्या मांडणीपासून लेखकाच्या मर्जीपर्यंत आणि तेथून पुन्हा सर्वमान्य नियमांपर्यंत असा या विषयाचा प्रवास झाला आहे. पहिली शिस्त यंत्राच्या सोयीची होती. नंतरची वाचकाच्या सोयीची आहे. लिस्पने विन्यासाची गरज दाखविली, लँडिन यांच्या नियमाने त्यातील धोका वाढविला आणि हॅस्केलच्या अभ्यासकांनी त्या धोक्यावर बीजगणिताचा व अर्थाच्या पडताळणीचा उपाय शोधला. संहिता लिहिली एकदा जाते व वाचली अनेकदा जाते. तिची मांडणी बदलली तरी तिचा अर्थ बदललेला नाही याची खात्री देता येणे, हीच स्वयंचलित विन्यासाची खरी कसोटी होय.